सिंधुचं कपाळ

माझ्या भावाचं, हणमंताचं, दुसरं लग्न झालं ते साल फसली तेराशे बावन्न, म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस. माघात लग्न झालं. मी विधवा, म्हणून मांडवाच्या कडेला बसले होते आणि सगळा वेळ त्याचंच तोंड बघत होते. मुंडावळ्यांच्या आडून ते घामेजलेलं दिसत होतं, जरा ओशाळलेलं, पहिल्या लग्नात होतं त्याहून थोराड. आणि त्याच साली वैशाखात, नांदेडच्या बाजारात, तोच हणमंत माझ्यापुढं हातभर अंतरावर येऊन उभा राहिला आणि मी त्याला ओळखलं नाही.

मी वकिलांच्या घरी कामाला होते, त्यांच्यासाठी सुंठ आणायला निघाले होते. बाजारात पाट्या होत्या त्या बहुतेक उर्दू, त्यांच्याकडं माझा डोळा जात नसे. पण सुंठमिरे विकणाऱ्या गांध्याच्या दुकानावर नवी पाटी लागली होती, पांढऱ्यावर निळी, आपल्या अक्षरांतली. मी वाचायचं ठरवलं नव्हतं. डोळा आपण होऊन तिथं गेला आणि चिकटला. 'येथे' लागलं. पुढचं जोडाक्षर लागेना. पाटीच्या खाली कुणी पागोटंवाला आडवा उभा होता, त्याचा शेमला अक्षरावर येत होता. मी म्हटलं, "सरका जरा बाबा, पाटी दिसंना."

तो हलला नाही. मग हसला आणि म्हणाला, "आता सरका म्हन्नार! नवरदेव झालो म्हून मान देऊ राहिली का अक्का?"

आवाजावरून कळलं. आवाज आला आणि मग त्याच्यामागून तोंड आलं, जसं अंधाऱ्या खोलीत आधी भांड्याचा वाजणारा काठ कळतो आणि मग भांडं. मीही हसले. "उन्हानं डोळे दिपले रे," म्हटलं. त्यानं मिरच्या विकल्या होत्या, नवी बायको माहेरी गेली होती, बैलाच्या खुराला काही झालं होतं, हे सगळं तो सांगत राहिला आणि मी त्याचं तोंड पुन्हापुन्हा बघत राहिले. नाक, मिशी, कानातली बाळी सगळं ओळखीचं होतं. पण ते एकेक करून लावावं लागत होतं. कानामात्रा लावून शब्द जुळवतात तसं.

जाताना तो म्हणाला, "सुकलीस गं. वकिलाच्या घरी खायला घालत्यात का नुस्ती बाराखडी?" आणि आपल्याच बोलण्यावर हसत गर्दीत गेला. पाठमोरा गेला तो चार पावलांवर मला इतरांसारखाच झाला.

घरी परतताना माझ्या मनात हणमंत नव्हता. तो जिता होता, आज नाही ओळखला तर उद्या हाक मारील. माझ्या मनात माझी पोर होती, सिंधु. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिचा फोटो नव्हता. आमच्याकडं कुणाचाच नसे, फोटो काढला की लेकराचं आयुष्य कमी होतं असं माझी सासू म्हणे. तिची परकरपोलकी पटकीच्या सालात जाळली. जे काही राहिलं होतं ते माझ्या डोळ्यांच्या आत होतं. रोज दुपारी, वकिलांच्या मागच्या सोप्यात सूप मांडीवर घेऊन धान्य निवडताना, मी तिला बोलावत असे. बोलावणं म्हणजे काही करावं लागत नसे. खडे वेचता वेचता ती सुपाच्या पलीकडं येऊन बसे, ओठ चावत, एका गालावर तीट. त्या दिवशी मी सुंठ कोठीत ठेवली, सूप घेतलं आणि बसले. तीट आली. काजळाचा काळा ठिपका, जरा फिसकटलेला, माझ्याच बोटाचा. पण तीट जिच्यावर होती तो गाल आला नाही.

घरातल्या मुलीनं, सौदामिनीताईनं, मला अक्षरं शिकवायला घेतली त्याला वरीस झालं होतं. ती हैदराबादेला शिकत होती, सुट्टीला घरी आली की मला धडे देई. तिचे एक जुने सर होते, अमृतराव, आता नोकरी सोडून लातूरला राहणारे. त्यांच्या हाताखाली ती एक काम करत होती: मोठं माणूस नव्यानं काही शिकतं तेव्हा त्याच्या मेंदूत काय बदलतं. पहिल्या सुट्टीत तिनं तीन बायका धरल्या. एकीच्या मुलाला आपलं नाक कापल्यासारखं वाटलं, एकीच्या डोळ्याला पाणी येऊ लागलं. राहिले मी. ताईची आई, चंद्रप्रभाबाई, म्हणाल्या होत्या, "अगं, तिला भांडी घासू दे, चाळिशीला टेकलेल्या बाईला कसला मेंदू?" त्यावर ताई माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "चतुराबाई, आत्ता, ह्या क्षणी तुमच्या डोक्यात काय चाललंय?" मला आईनं, नवऱ्यानं, सासूनं पुष्कळ विचारलं होतं. भाकरी झाली का, दूध नासलं का, रडतेस कशाला. डोक्यात काय चाललंय हे कुणी विचारलं नव्हतं. त्या एका विचारण्यापायी मी होय म्हटलं, असं ताईला वाटत होतं. ते निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं मी कुणाला सांगितलं नव्हतं. सिंधुच्या पाचवीला आम्ही पाट मांडला होता. पाटावर कोरा कागद, बोरूची काडी, दौत. सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर लिहून जाते. सकाळी कागद कोराच होता, तो असायचाच. लिहिलेलं कपाळावर असतं. सासूनं पोरीचं कपाळ चोळून तेल जिरवलं, नणंदेनं मुका घेतला, मी तिला पदराखाली घेतलं. तिघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. सात वर्षं ते कपाळ माझ्या हाताखाली होतं. मी ते धुतलं, त्यावर कुंकू टेकवलं, तापात त्यावर ओली घडी ठेवली, आणि त्यावर काय लिहिलं आहे ते मला कळलं नाही. ताई पाटी घेऊन बसली तेव्हा मला वाटलं, कपाळ अजून माझ्याजवळ आहे. नुसतं अक्षर यायला हवं. मग मी तिला समोर बसवीन आणि वाचीन, की बाई, सातच वर्षं का.

म्हणून मी शिकले. ताईला वाटे मी हुशार आहे. दुपारी सुपापुढं सिंधु येऊन बसली की मी तिच्या गालाकडं बघेनाशी झाले, कपाळाकडं बघू लागले. आधी नुसत्या आठ्या दिसत, ऊन डोळ्यांवर आल्यावर पडत तशा. मग आठ्यांना काने फुटले. एक दिवस अक्षर स्पष्ट झालं आणि मी सूप खाली ठेवलं. 'कमळ' होतं. दुसऱ्या दिवशी 'बदक'. ताईच्या पुस्तकातले धडे तिच्या कपाळावर एकामागून एक उमटत गेले. घर बघ. छगन ऊठ. मी ते पुसत होते आणि खालचं शोधत होते. पुसताना आणखी काय पुसलं जात होतं त्याकडं माझं लक्ष नव्हतं.

बाजारातली गोष्ट मी ताईला सांगितली, कपाळाची नाही. सिंधुचं तोंड येत नाही एवढं सांगितलं. तिनं पटकन मान वर केली. मग उठून आपलं खोकं आणलं. त्यात मासिकांतून कापलेली माणसांची तोंडं होती, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. शिकवणं सुरू करण्याआधी तिनं मला ती दाखवली होती आणि दुसऱ्या दिवशी नव्यांत मिसळून विचारलं होतं, यातली कालची कोणती? तेव्हा मी जवळजवळ सगळी उचलली होती. तेच तिनं पुन्हा केलं, आणि दुसऱ्या दिवशी मी एकेक पुठ्ठा हातात धरून बसले. टोपी आठवे, चष्मा आठवे, चित्राखालचं नाव तर न वाचताच वाचलं जाई. तोंड कालचं की आजचं, ते कळेना. ताईनं निकाल सांगितला नाही. तिचं तोंड उजळलं होतं. तेवढं मला अजून ओळखता येत होतं. मग तिलाच ते कळलं असावं, तिनं पुठ्ठे गोळा केले आणि म्हणाली, "मावशी, लातूरला येता का? सरांना भेटू." एरवी ती मला मावशी म्हणत नसे.

लढाईचे दिवस, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. मागं भट्टी धुमसायची आणि चढ आला की माणसं उतरून चालायची. मी खिडकीशी बसले होते आणि डोळे मिटून घेतले होते. वाटेत काही लिहिलेलं दिसू नये म्हणून. चाकूरला मोटार थांबली, क्लीनर बादली घेऊन विहिरीकडं गेला. मी डोळे उघडले तर समोरच्या बाकाच्या पाठीवर कुणी चाकूनं नाव कोरलं होतं. मिटले तरी ते पापणीच्या आत राहिलं. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही आणि त्याचं नाव अजून माझ्याजवळ आहे.

अमृतराव गंजापासून, धान्याच्या बाजारापासून, जवळच राहत. वय झालं होतं, हात थरथरत, पानाचा डबा उघडतानाही दोन्ही हात लागत. त्यांनी मला खुर्ची दिली. मी जमिनीवर बसले तेव्हा तेही खुर्ची सोडून जाजमावर आले. मग म्हणाले, "बाई, आम्ही मेंदू मेंदू म्हणतो, पण कवटी उघडून पाहावं तर माणूस मेलेला असतो. जितेपणी आत काय सरकतं ते तुमच्यासारख्यांनी सांगितल्याशिवाय आम्हांला कळायचं नाही. नवीन येतं ते जुन्याच्या जागेवर बसतं, की जागाच वाढते? ही पोरगी म्हणते, जागेवर बसतं. मी म्हणतो, दुःख आहे, वय आहे, सहा वर्षं झाली. तोंडं पुसटच होतात."

मी विचारलं, "अक्षर सोडलं तर तोंड माघारी येईल का?"

"अक्षर सोडता येतं का?" ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मी नाही म्हणून मान हलवली.

"माझी आई मी बावीस वर्षांचा असताना वारली," ते म्हणाले. "मला तिचं लुगडं आठवतं. हातातली किल्ली आठवते. मी पाचव्या वर्षी धुळाक्षरं गिरवली. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि मला कुणाला विचारता आलं नाही." त्यांनी पान तोंडात घातलं, चावलं नाही. मग एकदम त्यांच्यातला मास्तर जागा झाला. "बरं, त्या मुलीला रोज पाहिलेलं आणखी कुणी आहे? अक्षर न येणारं?"

"माझी नणंद," मी म्हटलं. "उमाबाई. तिनंच सांभाळलं तिला, मी रानात जायची तेव्हा."

ते सौदामिनीताईकडं वळले. हात थरथरायचे थांबले होते. "बघ. हा खरा मोका आहे. तेच तोंड, दुसरं डोकं. आधी तिच्याकडून मुलीचं वर्णन करून घे. बारीकसारीक सगळं. मग तिला शिकव, वरीसभर. आणि बघ तेच तोंड तिच्याकडूनही जातं का. गेलं तर माझं वय-दुःख सगळं खोटं आणि तुझं खरं. मोठं काम होईल बेटा. विलायतेत छापतील."

खोलीत पंखा नव्हता. बाहेर गंजात हमाल ओझ्याखाली ओरडत होते. मला उमाबाई दिसली, तोंड नव्हे, तिची बसण्याची ढब, एक गुडघा वर करून. आणि तिच्या मांडीवर ताईची पाटी. क. म. ळ. आणि तिच्या डोळ्यांच्या आत ओठ चावत बसलेली माझी पोर, जगात शेवटची उरलेली, हळूहळू फिकी होत चाललेली. मी म्हटलं, "उमाबाई वारली."

"अरेरे. कधी?"

"औंदा. माघात."

सौदामिनीताईनं माझ्याकडं बघितलं. होळी होऊन चार दिवस झाले होते तेव्हा गावाहून गाडी आली होती आणि उमाबाईनं तिच्यासाठी म्हणून हुरड्याचं पीठ पाठवलं होतं. ताईनं ते ताकात कालवून खाल्लं होतं आणि उमाबाईंना नमस्कार सांगा म्हणाली होती. तिला सगळं आठवत होतं. तिच्या डोळ्यांत मी ते बघितलं. ती एक शब्द बोलली असती तर दुसऱ्या दिवशी आम्ही उमाबाईच्या गावी जायला भोकरच्या वाटेवर असतो. अमृतराव तिच्याकडं बघत होते, म्हातारपणी एवढ्यातेवढ्यानं फुटणारी आशा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"हो सर," ती म्हणाली. "गेल्या त्या."

परतताना मोटारीत ती माझ्याशी बोलली नाही. रागावली होती असं नाही, पण मावशी म्हणाली नाही. नांदेड जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडून ऐकून लिहून तरी ठेवा. लिहिलेलं जात नाही." तिचं काम पुढं काय झालं मला ठाऊक नाही. ती सुट्टी संपल्यावर हैदराबादेला गेली, दोन वर्षांनी लग्न होऊन वऱ्हाडात गेली असं ऐकलं. मी त्या पावसाळ्याच्या आधीच वकिलांचं घर सोडून उमाबाईकडं गावी गेले.

गावात पाट्या नव्हत्या. मला वाटलं होतं, जिथं वाचायला काही नाही तिथं डोळा उपाशी मरेल. पण चावडीवर धान्याच्या लेव्हीचा हुकूम चिकटवलेला होता, पोत्यावर आडत्याचं नाव होतं, काडेपेटीवर होतं. काही नसलं की मातीच्या भिंतीवरच्या भेगा अक्षरं होत.

उमाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी गेल्या गेल्या तिला लातूरची गोष्ट सांगितली, तशी ती इतकी हसली की भाकरी करपली. "मला मारून आलीस? बरं केलंस बाई. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय म्हंत्यात. आता मी काय लवकर जात न्हाई, बस बोंबलत."

मग मी विचारलं. किती दिवस धीर होत नव्हता. "वन्सं, सिंधुचं तोंड कसं होतं?"

"कसं म्हंजे?"

"सांगा की. मला येईना."

तिनं तव्यावरून नजर काढली. "येडी का काय तू? पोटची पोर. ही काय, दारात उभी हाय. नाकाला शेंबूड, परकराचा बोळा तोंडात. माझ्या मायवानी थेट, तुझ्यावानी न्हवंच." आणि ती दाराकडं बघत राहिली. दारात कोंबडी होती.

"कपाळावर काय हाय?"

"कपाळावर? घाम हाय. उन्हात हिंडती भवानी."

मी ताईचं ऐकून एकदा लिहून पाहिलं. उमाबाई सांगत गेली, मी कागदावर उतरवत गेले. नाक बसकं, भुवया जुळलेल्या, खालचा ओठ जाड, डाव्या कानाची पाळी चिरलेली. लिहून झाल्यावर वाचलं. भोकरच्या बाजारात अशा मुली हव्या तितक्या दिसतात. मी तो कागद चुलीत घातला. उमाबाईनं विचारलं, "काय लिव्हलं हुतंस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग ठीक," ती म्हणाली आणि दाराकडं बघितलं.

त्यानंतर आमची एक रीतच पडून गेली. दुपारची कामं आवरली की ती भिंतीला टेकून बसे आणि मी तिच्यासमोर. मी दाराकडं बघत नसे. मी उमाबाईच्या डोळ्यांकडं बघत असे. ती सिंधुला बघताना तिचे डोळे बारीक होत, मग एका जागी थांबत, मग खाली उतरत, पोरीच्या उंचीइतके. कधी ते डावीकडून उजवीकडं जात, म्हणजे पोर अंगणातून चालली. कधी उमाबाई तोंडानं च्यक करी. मी विचारी, "काय केलं?" ती म्हणे, "पडली. उठली बी." एवढंच माझ्या वाट्याला येई. माझी पोर दुसऱ्याच्या डोळ्यांत खेळत होती आणि मी उंबऱ्यावर बसून नुसता आवाज ऐकावा तशी तिथं बसलेली असे. कधी मला उमाबाईचा हेवा वाटे, इतका की मी उठून विहिरीवर जाई. आणि लगेच भीती वाटे, तिला खोकला आला तरी. मी तिला निवडलेलं धान्य खाऊ घातलं, उन्हात जाऊ दिलं नाही. हणमंताच्या नव्या बायकोचा भाऊ मास्तर होता. तो एकदा सणाला आमच्याकडं आला आणि उमाबाईला हसत म्हणाला, "आत्याबाई, तुम्हांला सही शिकवू का?" मी त्याच्यावर अशी ओरडले की तो पुन्हा त्या घरी पाणी प्यायला नाही. उमाबाई म्हणाली, "लेकराला कशापायी खाऊ राहिलीस? मला कुठं सही करायची हाय. मी तर मेलेली बाई." आणि पुन्हा हसली.

तिचे डोळे मोतीबिंदूनं गढुळले तेव्हा मला वाटलं, आता संपलं. पण ती दाराकडं बघायची थांबली नाही. बाहेरचं दिसेना तसं आतलं तिला आणखी लख्ख दिसू लागलं असावं. ती म्हणे, "औंदा पोर गोरी वाटू राहिली." माझी मान तिच्याकडं वळे, नवं काही मिळालं म्हणून. मी ते गोरेपण घेऊन फिरे, पण ठेवायला तोंड नव्हतं.

निजामाच्या त्या शेवटच्या वर्षी रझाकारांपायी सगळीकडं धावाधाव होती. माणसं गावं सोडून जंगलात, कुणी सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात जात होती. हणमंत म्हणाला, "अक्का, चल." मी म्हटलं, उमाबाईला चालवत नाही. तो म्हणाला, गाडीत घालू. उमाबाई म्हणाली, "मी दार सोडून येत न्हाई." कुणाला कळलं नाही ती कशाला दार म्हणते. मला कळलं. मी राहिले.

सिंधु फसली तेराशे सेहेचाळीसच्या भादव्यात पटकीनं गेली, तेव्हा तिला सात वर्षं झाली होती. उमाबाई सन अठ्ठेचाळीसच्या वैशाखात, भर दुपारी, भिंतीला टेकून बसल्या जागी गेली.